बटणं दाबणाऱ्यांना हिणवू नका

जीआयएस शिकवणाऱ्यांमध्ये एक मत फार पक्कं बसलेलं आहे. कार्यशाळेत, स्टाफरूममध्ये, बैठक संपल्यावर चहा घेताना ते हमखास कानावर येतं. मेनूतून बटणं दाबत नकाशे करायला शिकलेली मुलं आयुष्यभर बटणांवरच राहतात, त्यांच्या हातून स्क्रिप्ट कधी लिहून होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर काळा पडदा ठेवावा आणि कमांड टाइप करायला लावावी. ज्याला झेपेल तो टिकेल. असं म्हणणारे बहुतेक जण स्वतः तसेच शिकलेले असतात, जिद्दीने शिकलेले असतात, आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. त्यांच्या निष्कर्षाला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. नकाशाच्या कामात कमांड शिकण्याचा सर्वांत सरळ रस्ता माऊसने चालणाऱ्या खिडकीतूनच जातो. अट एकच: ती खिडकी स्वतःची कमांड दाखवणारी असली पाहिजे, आणि शिकवणाऱ्याने त्या ओळीवर बोट ठेवलं पाहिजे.

हा वाद छत्रपती संभाजीनगरात बसून घालण्याला कारण आहे. इथे विद्यापीठ आहे, पैठण रस्त्यावर १९८० पासून वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे, आणि चहूबाजूंना पाण्याची अशी ओढ आहे की पाणलोटाचा नकाशा हा गावाच्या थेट कामाचा कागद असतो. भूगोलाचे, कृषीचे, सिव्हिलचे विद्यार्थी कन्नड, सिल्लोड, भोकरदन, गेवराई अशा तालुक्यांतून येतात. त्यांना नदी माहीत असते, उतार माहीत असतो, कुठल्या नाल्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं हेही ठाऊक असतं. काळा पडदा त्यांनी पाहिलेला नसतो. ‘झेपेल तो टिकेल’ म्हणत आपण ज्यांना जमीन सर्वांत जास्त कळते त्यांनाच पहिल्या आठवड्यात बाहेर काढतो. ज्यांना वगळलं ते कच्चे होते, असं नंतर म्हणायला आपण मोकळे.

आता खिडकीकडे जवळून पाहू. ग्रास हे सॉफ्टवेअर अमेरिकन लष्कराच्या बांधकामविषयक संशोधन प्रयोगशाळेत १९८२ पासून घडत गेलं. १९९५ नंतर लष्कराने हात काढून घेतला, पुढे विद्यापीठांतल्या लोकांनी ते जिवंत ठेवलं आणि १९९९ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली खुलं झालं. मुळात ते सगळं कमांडचंच. माऊसने चालणाऱ्या खिडक्या नंतर आल्या, आणि त्या कशा आल्या हे या वादात फार महत्त्वाचं आहे. ग्रासमधलं प्रत्येक मॉड्यूल स्वतःच सांगतं की मला कोणकोणती माहिती लागते, त्यातली कुठली सक्तीची, कुठली ऐच्छिक. त्या वर्णनावरून खिडकी आपोआप तयार होते. ती कोणी वेगळी रंगवून कमांडवर चिकटवलेली नाही. ती कमांडच आहे, छापील अर्जासारखी रकान्यांत मांडलेली. रकान्याशेजारी कंसात त्याचं कमांडमधलं नाव दिलेलं असतं. रकाने भरत जाल तशी खिडकीच्या तळाशी पूर्ण ओळ तयार होत जाते. ‘कॉपी’ म्हटलं की ती ओळ तुमच्या हातात.

खाम नदीचंच उदाहरण घ्या. शहराच्या उत्तरेच्या डोंगरातून येणारी, हर्सूल तलावातून आणि पाणचक्कीजवळून शहर ओलांडून गोदावरीकडे जाणारी ही नदी इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाहिलेली असते. तिचं पाणलोट क्षेत्र काढायचं आहे. त्यासाठीचं मॉड्यूल, आर.वॉटरशेड, उघडलं. पहिला रकाना उंचीच्या रास्टरचा, म्हणजे चौकटींत मांडलेल्या उंचीचा, कंसात त्याचं नाव ‘एलेव्हेशन’. ते भरलं की तळाच्या ओळीत मॉड्यूलच्या नावापुढे ‘एलेव्हेशन’, बरोबरचं चिन्ह आणि रास्टरचं नाव उमटतं. पुढचा महत्त्वाचा रकाना ‘थ्रेशोल्ड’. सर्वांत लहान पाणलोट किती मोठं धरायचं ते इथे सांगायचं, पण हेक्टरमध्ये नव्हे, चौकटींच्या संख्येत. तीस मीटरच्या रास्टरमध्ये एक चौकट ९०० चौरस मीटरची. आपल्याकडे सूक्ष्म पाणलोट साधारण ५०० ते १,००० हेक्टरांचं धरतात. पाचशे हेक्टर म्हणजे पन्नास लाख चौरस मीटर, भागिले नऊशे, ५,५५६ चौकटी. हा आकडा रकान्यात टाकला की ओळीच्या शेवटी येऊन बसतो. त्याच्या जागी ५०० टाकून पाहा, म्हणजे ४५ हेक्टर, आणि नकाशाचे तुकडे तुकडे होतात. मग पाणी एकाच दिशेला उतरवायचं की आजूबाजूच्या सगळ्या उतारांवर वाटायचं, हा पर्याय. एका चौकोनात टिक केली की ओळीत आडवी रेघ आणि ‘एस’ हे एक अक्षर वाढतं. टिक काढली की अक्षर जातं.

हा टिक आणि अक्षराचा खेळ मुलं दोन-चारदा करतात आणि मग विचारतात, ‘सर, हे अक्षर मी थेट टाइप केलं तर चालेल का?’ चालतं. त्या क्षणी त्यांनी कमांडची पूर्ण रचना ओळखलेली असते: आधी क्रियेचं नाव, मग नाव-बरोबर-किंमत अशा जोड्या आणि एकाक्षरी सूचना. काळ्या पडद्यासमोर हीच रचना शिकवायला व्याख्यान द्यावं लागतं, आणि व्याख्यान ऐकणाऱ्याला त्यातलं काहीही हलताना दिसत नाही. एक चिन्ह चुकलं की इंग्रजीत दोन ओळींची त्रुटी येते आणि कुठे चुकलं हे न कळलेला मुलगा शेजारच्याच्या पडद्याकडे बघू लागतो.

खिडकीला कुबडी म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्रासमध्ये हा रस्ता दोन्ही बाजूंनी खुला आहे. टर्मिनलवर मॉड्यूलचं नुसतं नाव टाइप करून एंटर मारलं की त्याची खिडकी उघडते. कमांड लिहिणारा एखादी सूचना विसरला तर खिडकी उघडून बघतो, रकाना भरतो, ओळ उचलतो आणि परत जातो. वर्षानुवर्षं ग्रास वापरणारेही हे करतात. मुरलेला माणूस ज्याचा आधार घेतो, तो आधार नवख्याला लाजिरवाणा का असावा?

क्यूजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट थोडी दडलेली आहे, म्हणून तिथे शिकवणाऱ्याची जबाबदारी वाढते. जीडीएएलच्या साधनांच्या खिडकीत तळाशी एक चौकोन असतो, त्यात पूर्ण कमांड लिहिलेली असते. बहुतेकांची नजर तिकडे जातच नाही. इस्रोच्या भुवन पोर्टलवरून किंवा नासाकडून घेतलेलं उंचीचं रास्टर अंशांमध्ये असतं. ते मीटरमध्ये आणण्यासाठी ‘वार्प’ची खिडकी उघडली की त्या चौकोनात ओळ दिसते: जीडीएएलवार्प, मग टी_एसआरएसपुढे ईपीएसजी ३२६४३, मग ‘आर निअर’. ३२६४३ हा प्रक्षेपणाचा आकडा आपल्या गावाचा. यूटीएमचा ४३ उत्तर हा झोन ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधला, मधली रेषा ७५ अंश, आणि संभाजीनगर त्या मधल्या रेषेच्या अगदी जवळ, साधारण ७५ अंश २० मिनिटांवर. मराठवाड्याचे आठही जिल्हे घेतले तर पूर्वेला नांदेडचं किनवट ७८ अंश ओलांडतं आणि शेजारच्या झोनमध्ये जातं, ज्याचा आकडा ३२६४४. एवढ्या थोड्या फरकाने काम बिघडत नाही, पण आकडा कुठून आला हे ज्याला कळलं त्याला प्रक्षेपण कळलं.

आणि ‘आर निअर’? नवी चौकट जुन्या चौकटींवरून कशी भरायची त्याची ती सूचना. निअर म्हणजे सर्वांत जवळच्या चौकटीची किंमत जशीच्या तशी उचलणं. जमीनवापराच्या नकाशाला ते योग्य, कारण तिथे शेत आणि जंगल यांची सरासरी काढता येत नाही. उंचीला ते घातक: नंतर उतार काढला की नकाशावर सरळ पट्टे उमटतात, जे जमिनीवर कुठेच नसतात. तिथे बायलिनिअर किंवा क्युबिक लागतं. खिडकीत हा पर्याय खाली उघडणाऱ्या एका यादीत आधीच निवडलेला असतो आणि विद्यार्थी त्यावरून पुढे सरकतो. ओळीत मात्र तो शब्द उघडा असतो आणि वाचणारा त्यावर अडखळतो. नुसती खिडकी वापरणाऱ्याला जे दिसत नाही ते तळाची ओळ वाचणाऱ्याला दिसतं. माझं भांडण या ओळीसाठी आहे. ती झाकून बटणं शिकवणं मलाही मान्य नाही.

‘खिडकीतून शिकलेला कमांडपर्यंत पोहोचत नाही’ या विधानाला पुरावा काय, असं विचारलं की साधारणपणे उत्तर येतं: अनुभव. तर मग वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाऊन बघा. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसांमध्ये आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून आलेले ड्राफ्ट्समन ऑटोकॅडवर बसलेले असतात. उजवा हात माऊसवर, डावा कीबोर्डवर. रेघेसाठी एल, कापण्यासाठी टीआर, समांतर रेघेसाठी ओ. आयकॉनकडे त्यांची नजर क्वचित जाते. १९८२ च्या डिसेंबरात आलेल्या या सॉफ्टवेअरने सुरुवातीपासून पडद्याच्या तळाशी कमांडची पट्टी ठेवली, आणि आयकॉन दाबला तरी त्या पट्टीत कमांडचं नाव उमटत राहिलं. कोणी त्यांना ‘आता तुम्ही कमांड लाइन शिका’ असं सांगितलं नाही. दिवसभर डोळ्यांसमोर उमटणारा शब्द बोटांत उतरला. त्यातले काही पुढे लिस्पच्या छोट्या रुटीन वापरू लागले, काही स्वतः लिहू लागले. या मुलांना कोणी प्रोग्रामर म्हणत नाही, म्हणून हा पुरावा आपल्याला पुरावा वाटत नाही, एवढंच.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. खिडकीखालची ओळ सगळं सांगत नाही. ग्रासमध्ये गणनेचा प्रदेश, रीजन, वेगळा ठरवलेला असतो: कुठून कुठपर्यंत आणि किती मीटरच्या चौकटींनी हिशेब करायचा. आर.वॉटरशेडच्या ओळीत त्याचा उल्लेखच नसतो. समजा तीस मीटरचं रास्टर आहे, पण आधीच्या कुठल्याशा कामामुळे रीजन नव्वद मीटरवर राहिला आहे. तीच ओळ, तोच ५,५५६ आकडा. आता एक चौकट ८,१०० चौरस मीटरची, म्हणजे सर्वांत लहान पाणलोट पाचशेऐवजी साडेचार हजार हेक्टरांचं. नऊपट. कुठलीही त्रुटी येत नाही, नकाशा व्यवस्थित रंगीत येतो आणि चुकीचा असतो. ओळ उचलून स्क्रिप्टमध्ये ठेवणाऱ्याची फसगत इथे होते, हे मला मान्य आहे.

पण हाच खड्डा काळ्या पडद्यावरून आलेल्याच्याही वाटेत आहे. तोही आर.वॉटरशेड टाइप करतो आणि त्यालाही रीजन कोणी आठवून देत नाही. दोष रस्त्याचा असता तर तो पडला नसता. उपाय एका ओळीचा आहे. स्क्रिप्टच्या डोक्यावर जी.रीजन, त्यात आपल्या रास्टरचं नाव, आणि ‘पी’, म्हणजे रीजन काय ठरला ते छापून दाखव. ही ओळही जी.रीजनच्या खिडकीत रकाने भरता भरता तळाशी तयार होते. प्रत्येक प्रात्यक्षिक या ओळीने सुरू झालं तर चार तासांत मुलांना सवय लागते. माझ्या वर्गात मी मुद्दाम चुकीचा रीजन ठेवून नकाशा काढायला लावतो आणि शेजारी बरोबर नकाशा ठेवतो. दोन नकाशे, एकच ओळ. संदर्भ म्हणजे काय हे त्यांना तिथे कळतं.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांविषयी. यांचं म्हणणं उलट: भूगोलाच्या मुलांना कमांड हवीच कशाला? बटणं आहेत, काम होतं. यांच्याशी माझा वाद जास्त कडक आहे, कारण पहिल्या गटाची निदान अपेक्षा तरी मोठी आहे. यांच्यासाठी याच शहराचं उदाहरण पुरे. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं आणि विभागाचं. नकाशांच्या फायलींत ‘जिल्हा’ नावाचा रकाना असतो, तो बदलणं आलं. ऐकायला सोपं. पण शेपफाइलमध्ये मजकुराच्या रकान्याची लांबी आधीच ठरवलेली असते. रोमनमध्ये ‘औरंगाबाद’ दहा अक्षरांचं, ‘छत्रपती संभाजीनगर’ मधली जागा धरून पंचवीस अक्षरांचं. रकाना वीसचा असेल तर विसाव्या अक्षराला नाव तुटतं आणि उरतं ‘छत्रपती संभाजी’. ‘नगर’ गेलं. देवनागरीत युनिकोड असेल तर प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात: जुनं नाव २४ बाइटांचं, नवं ४९. चाळीस बाइटांचा रकानाही अपुरा.

बटणांनी हे करायचं तर फाइल उघडा, ‘रिफॅक्टर फील्ड्स’ चालवा, लांबी वाढवा, सूत्र लिहा, नव्या नावाने जतन करा. एक फाइल झाली. रस्ते, नाले, गावं, विहिरी, मृदा, तालुक्यांच्या सीमा. जिल्ह्याचे तालुके नऊ, मराठवाड्याचे ७६. दहाव्या-बाराव्या फायलीनंतर माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस चुकतो. धाराशिवचंही, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादचंही, तेच करायचं असतं. आता दुसरा रस्ता बघा. एका फायलीवर हेच काम खिडकीतून नीट करा. लांबी साठ, सूत्रात जुन्याच्या जागी नवं. निकाल तपासा. मग प्रोसेसिंगच्या मेनूत ‘हिस्ट्री’ उघडा. तुम्ही आत्ता जे बटणांनी केलं ते तिथे पायथनच्या एका ओळीत लिहून ठेवलेलं आहे. ती उचला, फायलीच्या नावाच्या जागी चल ठेवा, वर फोल्डरमधली एकेक फाइल घेणारा एक फॉर लूप लिहा. तीन-चार ओळी. ज्या मुलीने कधी प्रोग्रॅम लिहिला नव्हता तिने त्या दुपारी पहिली स्क्रिप्ट लिहिली, असं घडतं, कारण स्क्रिप्टचा अवघड भाग खिडकीने लिहून दिलेला असतो आणि तिने फक्त आवर्तन जोडलेलं असतं. पुढच्या वेळी ती अवघड भागालाही हात घालते.

हल्ली तिसरा सूर ऐकू येतो: आता एआयला सांगितलं की स्क्रिप्ट मिळते, मग हा सगळा खटाटोप कशासाठी? स्क्रिप्ट मिळते, हे खरं आहे, आणि मुलांनी तिचा उपयोग करावा. पण तिच्यात कधी अस्तित्वातच नसलेली सूचना असते, कधी जुन्या आवृत्तीतलं नाव असतं, आणि उंचीला ‘निअर’ लावलेलं असेल तर ती कुठलीही कुरकुर न करता चालते. तपासायचं कशावरून? मॉड्यूलची खिडकी उघडून, रकान्यांच्या कंसातली नावं स्क्रिप्टमधल्या नावांशी ताडून. ज्याने खिडकी आणि ओळ शेजारी ठेवून वाचलेल्या नाहीत त्याला ही तपासणी जमणार नाही.

भाषेचा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला, पण माझ्या मनात तो पहिला आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी संज्ञा येत नाहीत म्हणून तो मागे राहतो, हे मी मानत नाही. त्याला संज्ञा एकट्या, संदर्भाशिवाय भेटतात म्हणून तो अडतो. ‘थ्रेशोल्ड’ हा शब्द रकान्यापुढे दिसला, आकडा बदलला, खामच्या पाणलोटाचे तुकडे वाढले. तो शब्द पक्का झाला. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि पायथनचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध केले आहेत, तेही याच तत्त्वावर: ऐका, शेजारच्या खिडकीत करा, फरक बघा. हे पाठ आपल्या प्रयोगशाळांत किती जण लावतात?

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. विद्यापीठाच्या जीआयएसच्या प्रात्यक्षिकात जर्नलमध्ये रंगीत नकाशाची प्रिंट चिकटवून गुण मिळतात. नकाशा कसा आला हे त्या प्रिंटवर दिसत नाही: कुठलं रास्टर, किती चौकटी, कुठला रीजन. ज्या प्रदेशात वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं यावरून उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, तिथल्या पदवीधराला ‘हा आकडा कसा काढला’ याचं उत्तर कागदावर देता आलंच पाहिजे. प्रत्येक नकाशाखाली तो नकाशा तयार करणाऱ्या कमांडच्या ओळी, रीजनच्या ओळीसह, छापलेल्या असाव्यात. जर्नलच्या गुणांतले निम्मे गुण त्या ओळींना असावेत. शेवटच्या दोन प्रात्यक्षिकांत त्याच ओळी लूपमध्ये घालून नऊही तालुक्यांवर चालवायला लावाव्यात, आणि तोंडी परीक्षेत आकडा ५,५५६च का, हे विचारावं.

यावर आक्षेप येईल की तपासणाऱ्या शिक्षकांनाच त्या ओळी वाचता येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी हे खरं आहे. त्यांच्यासाठी उन्हाळी सुट्टीत आठवड्याभराचं प्रशिक्षण ठेवावं, आणि त्यात पहिल्या दिवशी त्यांना काळ्या पडद्यासमोर बसवू नये.